साहेबाचा एक कान

कर्णा म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर मांडवाच्या खांबाला बांधलेला, सकाळपासून कोकलणारा पत्र्याचा भोंगा येत असेल. तो आधी विसरा. मी ज्या कर्ण्यांशी आयुष्यभर संसार केला ते सिनेमाच्या पडद्यामागे बसणारे, जाड लाकडी खोक्यातले, घरंदाज कर्णे. आमच्या मॉरिशसात घरोघरी टीव्ही आले, मागून व्हिडिओ आले, आणि सिनेमाची थिएटरं एकेक करून बंद पडायला लागली. खुर्च्या कुणी नेल्या, पडदे कुणी नेले. कर्ण्यांना कुणी विचारेना, म्हणून ते माझ्या बो बासें गावातल्या दुकानात येऊन पडले. माझी बायको म्हणायची, "लोक दुकान काढतात, आमच्या ह्यांनी अनाथाश्रम काढलाय." खरं ते खरंच होतं.

संपादकांनी सांगितलं, "मिस्त्री, दिवाळी अंकासाठी धंद्याबद्दल लिहा, पण माणसाला कळेल असं लिहा." आता मला आयुष्यात कुणी लिहायला सांगितलं नव्हतं. माझं मराठी आजीच्या तोंडचं, त्यावर संध्याकाळच्या वर्गात चढवलेलं थोडं पॉलिश, आणि मधेमधे क्रेओलचे, म्हणजे आमच्या बेटावरच्या बोलीचे, खडे. एखादा दाताखाली आला तर रागावू नका.

धंदा साधा. जुना व्हॉल्व्हचा अँप्लिफायर दुरुस्त करायचा, त्याला शोभेल असा कर्णा गाठून द्यायचा, आणि दोघांना कुणाच्या तरी घरात सुखाने नांदायला लावायचं. व्हॉल्व्ह म्हणजे काचेची नळी. आत तार तापते, केशरी उजेड पडतो, आणि बारीक आवाज तिच्यातून मोठा होऊन बाहेर येतो. ट्रान्झिस्टर आले तशी लोकांनी ही यंत्रं उकिरड्यावर टाकली. का, तर म्हणे ह्यांच्यात ताकद नाही. अहो, पण कर्ण्याला ताकद हवीय कशाला? उसाच्या शेतापलीकडच्या माणसाला हाक मारायची तर आपण तोंडाशी दोन्ही हातांचा द्रोण करतो की नाही? कर्णा म्हणजे तो द्रोण. साध्या स्पीकरला जिथे ढकलून ढकलून आवाज काढावा लागतो, तिथे कर्ण्यात नुसतं कुजबुजलं तरी घर भरतं. थोड्या ताकदीचं पण गोड गळ्याचं यंत्र आणि कमी खाऊन जास्त राबणारा कर्णा, यापेक्षा चांगली सोयरीक कुठली?

फक्त एक अडचण आहे. कर्णा चहाडखोर असतो. यंत्राच्या पोटात जरा कुरबुर असली तर साधा स्पीकर ती पोटात घालतो. कर्णा चारचौघांत सांगून मोकळा होतो. यंत्र गाणं म्हणतंय आणि मागे घूंऽऽ असा भुंगा लागलाय, म्हणजे समजायचं की मिस्त्रीने काम उरकलंय. माझी निम्मी हयात असले भुंगे हुसकण्यात गेली.

गिऱ्हाइकं एकेक नमुने. सांत्र द फ्लाककडच्या एका बाईंनी निरोप पाठवला की कर्ण्याचा आवाज बसलाय, घशाला काही तरी झालंय. मी बस पकडून गेलो. कर्णा व्हरांड्यात, आमच्याकडे त्याला लावारांग म्हणतात, तिथे ठेवलेला. वाकून आत बघतो तर कोंबडी! चांगली ऐसपैस अंड्यांवर बसलेली. मी हात घातला तर मला चोच मारली तिने. मी म्हटलं, "बाई, हिला हलवा." बाई माझ्यावरच उखडल्या. "खुडूक कोंबडीला उठवतात होय? पाप लागेल. पिल्लं निघेपर्यंत गाणं नको आम्हाला." घरधनी बिचारा दारात उभा राहून मान हलवत होता. मी चहा पिऊन परत आलो. पिल्लं निघाल्यावर आवाज आपोआप सुटला, आणि माझी कीर्ती त्या गावात वाढली ती कायमची.

दुसरा नमुना क्युरपीपचा. गोऱ्या घराण्यातला, साखरेच्या कंपनीतून निवृत्त झालेला, एकटा राहणारा म्हातारा. साहेबाला आम्ही मिस्ये म्हणतो, म्हणून मीही त्यांना मिस्येच म्हणायचो आणि इथेही तेच म्हणतो. त्यांच्या हॉलमध्ये दोन मोठे कर्णे, डावीकडे एक, उजवीकडे एक, आणि मध्ये व्हॉल्व्हचं सुंदर यंत्र. ऐकायचं काय, तर ऑपेरा. आपल्या नाटकासारखंच, पण यात माणूस मरायला लागला तरी गात असतो. मिस्ये पहिल्या दिवशी मला म्हणाले, "माझ्या गाण्यात मधमाशी शिरलीय." मी यंत्र उलटंपालटं केलं, तारा बदलल्या, हात टेकले. मग लक्षात आलं की त्यांची रेकॉर्ड वाजवायची तबकडी यंत्राच्या डोक्यावरच मांडलेली आहे. आरामखुर्चीतून उठावं लागू नये म्हणून! यंत्रातल्या ट्रान्सफॉर्मरची भुणभुण तबकडीची सुई उचलत होती. तबकडी बाजूच्या टेबलावर सरकवली आणि मधमाशी उडाली. मिस्ये डोळे मिटून ऐकत राहिले. नंतर म्हणाले, "आता मला उठावं लागेल." मी म्हटलं, "मिस्ये, तब्येतीला चांगलं." त्यावर ते हसले, आणि आमची गट्टी जमली.

पण यंत्राच्या बाबतीत माणूस महासोवळा. व्हॉल्व्हवरची धूळ स्वतः ब्रशने झाडायचे. मोलकरणीने त्या कोपऱ्यात पाऊल टाकायचं नाही. मलासुद्धा काम संपल्यावर म्हणायचे, "ठीक आहे मिस्त्री, आता हात मागे." हे सोवळं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता सखाराम आजांची गोष्ट सांगतो. खरं तर तीच सांगायला बसलोय.

गोपाळ नावाचा एक बस ड्रायव्हर होता, फ्लाकजवळच्या खेड्यातला, आपलाच मराठी माणूस. एके दिवशी तो वडिलांना चष्म्यासाठी बो बासेंला घेऊन आला आणि जाता जाता घरचा रेडिओ दुरुस्तीला टाकायला माझ्या दुकानात शिरला. वडील म्हणजे सखाराम आजा. साखर कारखान्यात उसाच्या चरकापाशी सगळी उमर काढलेला माणूस, आणि त्या चरकाने त्यांचे कान खाल्लेले. गोपाळने त्यांना स्टुलावर बसवलं आणि मला म्हणाला, "काका, बाबांशी बोलायला जाऊ नका, उगीच घसा दुखेल."

त्या वेळी मी एक कर्णा तपासत होतो आणि भजनाची रेकॉर्ड लावली होती. गोपाळ रेडिओची तक्रार सांगत होता, मी हूं हूं करत होतो. माझं लक्ष आजांच्या बोटांकडे गेलं. आजांची पाठ आमच्याकडे होती, पण उजव्या हाताची बोटं मांडीवर ठेका धरत होती. बरोबर समेवर येत होती! मी सुई उचलली. बोटं थांबली. सुई टेकवली. बोटं सुरू.

"गोपाळ," मी म्हटलं, "तुझे बाबा ऐकतायत."

"आयो काका, काहीतरीच काय! ढोल वाजला तर कळतो त्यांना, एवढंच."

तेवढ्यात आजाच वळले. डोळे भरलेले. म्हणाले, "गोपाळा, सबूद कळतायत रे. आवाज येतो नेहमी, सबूद येत न्हाय. आज सबूद आले."

मला त्यातलं इंगित कळत होतं. चरकाने आजांचे बारीक आवाज नेले होते. जाड आवाज पोचायचे, म्हणजे ढोल पोचे, गडगडाट पोचे. पण शब्दाला शब्दपण देणारे स, श, त, क हे सगळे गळून जायचे. आणि माणूस ओरडला की काय वाढतं? जाडच वाढतं. जितकं ओरडाल तितका गोंगाट. इस्पितळातून कानाला लावायचं यंत्र मिळालं होतं, पण ते शिट्ट्या मारायचं, म्हणून आजांनी ते तांदळाच्या डब्यात ठेवून दिलं होतं. कर्णा मात्र त्या मधल्या-बारीक आवाजांचाच राजा. आणि व्हॉल्व्हचं यंत्र ते आवाज न फाडता देतं.

मग गोपाळने सगळं सांगितलं. आजा म्हणजे गावातले झाकरीचे म्होरके. कोकणात जिला जाखडी म्हणतात तीच, आमच्या पणज्यांनी बोटीतून आणलेली. पायात चाळ, मध्ये ढोल, भोवती फेर, आणि गणपतीत घरोघरी गाणी. कान गेल्यावरही आजा काही वर्षं रेटून गात होते. एका गणपतीत इतरांचं कडवं संपायच्या आधीच त्यांनी पुढचं उचललं, आणि पोरं हसली. हसली म्हणजे काय, पोरंच ती. पण आजांनी चाळ सोडले, खुंटीला टांगले, आणि तेव्हापासून गणपती घरात आला की हा माणूस मागच्या लावारांगमध्ये उसाकडे तोंड करून बसायचा.

"काका," गोपाळ म्हणाला, "या गणपतीत ते आत बसले पाहिजेत. बाकी मला काही नको."

मी कामाला लागलो. आजांचं यंत्र मी मिस्येच्या यंत्रावरून बेतलं, त्यातली एकच बाजू, कारण आजांना एकच कर्णा द्यायचा होता. पुढे मायक्रोफोन जोडायची सोय. शेवटचा मोठा व्हॉल्व्ह, जो आवाजाला बळ देतो, तो मिस्येच्या यंत्रातल्याच जातीचा, माझ्याकडे जपून ठेवलेला एकुलता एक. तो व्हॉल्व्ह बनवणं केव्हाच बंद झालं होतं. मी मापं घ्यायला गावी गेलो तेव्हा द्वारका आजीने, म्हणजे आजांच्या बायकोने, चहा दिला. बाई इतकं हळू बोलायची की मलाच पुढे वाकावं लागलं. म्हणाली, "मिस्त्री, घोवाशी वरडून बोलायची मला लाज वाटते वो. शेजारी ऐकतात. म्हणून मी बोलायचंच सोडलंय. ताट दाखवते, तांब्या दाखवते. चाललंय." तिने हे अगदी साधेपणाने सांगितलं. मी कप ठेवला आणि मापं घ्यायला उठलो.

गणपतीच्या आदल्या दिवशी दुपारी गोपाळच्या बसच्या मागच्या सीटवर बसून आम्ही तिघे गावी गेलो, मी, यंत्र आणि कर्णा. देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर यंत्र मांडलं. कर्णा आजांच्या खुर्चीकडे तोंड करून ठेवला. यंत्राला झाकण नव्हतं, कारण व्हॉल्व्ह तापतात, त्यांना वारा लागतो. मी सगळ्यांना सांगितलं, गरम आहे, जपून. यंत्र चालू केलं, केशरी उजेड पडला, भुंगा नाही, काही नाही. मी खूश! मग विजेची तार नीट बांधायला गोपाळबरोबर बाहेर गेलो. आजा गणपतीच्या मखरासाठी फुलं आणायला शेजारी गेले होते.

तिन्हीसांज झाली होती. घरात द्वारका आजी एकटी, सून माहेरी गेलेली. त्या दिवशी हरतालिका, तिचा नवऱ्यासाठी कडक उपास. तिने हातपाय धुतले, देव्हाऱ्यात दिवा लावला, ओल्या बोटाने दिव्याला हळद-कुंकू लावलं, हात जोडले. आणि शेजारी फळीवर आणखी एक उजेड. घरात पहिल्यांदाच आलेला, नवऱ्याचे कान परत आणणारा. त्याला कुंकू लावल्याशिवाय ती बाई पुढे जाईल कशी? तुमची आई गेली असती?

बाहेर मला 'टच्च' असा आवाज ऐकू आला. तापलेल्या काचेवर ओलं बोट. मी धावत आत आलो. व्हॉल्व्हच्या डोक्यावर आतून चांदीसारखा डाग असतो, तो दुधासारखा पांढरा झाला होता. म्हणजे काच तडकून हवा आत शिरली, व्हॉल्व्ह मेला. काचेवर पिवळा-तांबडा ओघळ. आजी हातात करंडा घेऊन उभी, आणि तिचा चेहराही त्या डागासारखाच.

"काय झालं काका?" गोपाळ अंगणातून ओरडला.

मी रुमालाने काच पुसली. चटका बसला, पण पुसली. म्हटलं, "काच जुनी होती. बसमध्ये हादरली असेल."

"आयो, माझ्या बसमध्ये?" गोपाळने कपाळावर हात मारून घेतला. "तरी मी सांगत होतो त्या वळणावरचे खड्डे..." आणि तो सरकारला शिव्या घालत बसला. आजीने माझ्याकडे एकदा बघितलं आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली.

आता पुढे काय? गावच्या मंडळाचा ट्रान्झिस्टरचा अँप्लिफायर गोपाळने मागून आणला. कर्ण्याला जोडला तर नुसती सर्रर्र, आणि आवाज पत्र्यावर खडे टाकल्यासारखा. आजा तोपर्यंत फुलं घेऊन आले होते. त्यांनी क्षणभर ऐकलं, कानावर हात ठेवला, आणि मागच्या लावारांगमध्ये जाऊन बसले. उसाकडे तोंड करून. गोपाळ माझ्याकडे बघतोय, मी गोपाळकडे.

सगळ्या बेटावर तसला व्हॉल्व्ह मला ठाऊक असलेल्या एकाच घरात होता, आणि त्या घरात यंत्राला बोट लावायची बंदी होती.

सकाळी पहिल्या बसने मी क्युरपीपला गेलो. इकडे गावात गणपती येत होते, आणि मी मिस्येच्या दारात उभा. मिस्ये ड्रेसिंग गाउनमध्ये कॉफी पीत होते. मी क्रेओलमध्ये सगळं सांगून टाकलं: चरक, चाळ, लावारांग, आजीचं ताट-तांब्या. फक्त कुंकवाचं तेवढं गाळलं. मागायचं कसं हे मला कळेना, म्हणून मी मागितलंच नाही, नुसता थांबलो.

मिस्येनी विचारलं, "तो गायचा, म्हणालास?"

"म्होरक्या होता, मिस्ये."

"आणि आता ऐकतही नाही."

"नाही."

ते उठले. यंत्राजवळ गेले. रात्रभर बंद होतं, काच थंड होती. त्यांनी खिशातला रुमाल काढला, उजव्या बाजूचा मोठा व्हॉल्व्ह रुमालात धरला, आणि दाढ उपटल्यासारखा हळूहळू हलवत बाहेर काढला. मला तर बघवेना. तो माझ्या हातात देत म्हणाले, "मला दोन कान आहेत, मिस्त्री. त्यातला एक उसना देतो. जा, बस चुकेल." मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पण गोऱ्या माणसाच्या पाया पडलं तर तो घाबरेल, म्हणून नुसता हात दाबला.

संध्याकाळी आजांचं घर भरून गेलं. आरती झाली. मग झाकरीवाले उभे राहिले. म्होरक्याच्या हातात मी मायक्रोफोन दिला. गोपाळने वडिलांना हाताला धरून आत आणलं, ओढूनच म्हणा ना, आणि कर्ण्यासमोर खुर्चीत बसवलं. आजा जमिनीकडे बघत बसले. ढोल सुरू झाला, त्यांनी मान वर केली नाही. गाणं सुरू झालं. पहिलं कडवं गेलं. दुसऱ्या कडव्याला बोटं हलली. तिसऱ्याला ओठ हलले. आणि चौथं कडवं, म्होरका श्वास घेतोय तेवढ्यात, आजांनी उचललं! थरथरत्या आवाजात, पण बरोबर जागेवर, ना पुढे ना मागे. ज्या पोरांनी पूर्वी हसून घेतलं होतं ती आता बाप्ये झाली होती, त्यांनी फेर थांबवला नाही, फक्त आवाज खाली घेतले, म्हाताऱ्याला वाट दिली. मी कोपऱ्यात उभा राहून माझ्या यंत्राकडे बघत असल्याचं नाटक करत होतो. रडत होतो, दुसरं काय?

खरी गंमत पुढेच झाली. गाणी संपली, लोक पाण्याला उठले, आजा तिथेच बसून होते. द्वारका आजी स्वयंपाकघरातून आली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिने खाली ठेवलेला मायक्रोफोन उचलला, पदर सावरला, मायक्रोफोन तोंडाशी नेला, आणि आपल्या त्या नेहमीच्या हळू आवाजात म्हणाली, "अहो... चला, जेवून घ्या."

यंत्राचा आवाज झाकरीसाठी चढवलेला तसाच होता. ते 'जेवून घ्या' साऱ्या आळीला ऐकू गेलं. कुत्रं भुंकलं. आजा खुर्चीत दचकले, गर्रकन वळले आणि म्हणाले, "अगं, वरडतेस कशाला? ऐकू येतंय मला!"

सगळं घर हसलं. आजी तोंडात पदर कोंबून हसत होती आणि डोळे वाहत होते. शेजारी ऐकतील म्हणून जी बाई इतकी वर्षं गप्प बसली, तिचं बोलणं आता गावाने ऐकलं, आणि तिला त्याचं काही नव्हतं.

पुढे मी मायक्रोफोनची तार लांबवून स्वयंपाकघरात नेली. आजी चुलीपाशी, आजा खुर्चीत, आणि दिवसभर बातमीपत्र: शेंगा निब्बर निघाल्या, गाय लाथ मारते, अमकीची सून माहेरी गेली. आजा तिथूनच उत्तरं द्यायचे. गोपाळ बसमध्ये भेटला की म्हणायचा, "काका, उपकार केलेत, पण आई आता थांबतच नाही!" मी मात्र एक धडा घेतला. त्या यंत्राच्या पुढच्या फळीवर, व्हॉल्व्हपासून लांब, मी एक गोल लाकडी चकती ठोकून दिली. आजीने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. दुसऱ्याच दिवशी चकती तांबडी झाली होती. तेव्हापासून आपल्या माणसांच्या घरी जाणाऱ्या प्रत्येक यंत्रावर मी ती चकती ठोकत आलो. लोकांना वाटायचं, मिस्त्रीची नक्षी आहे.

मिस्येसाठी मी दुसरा व्हॉल्व्ह खूप धुंडाळला. बोटीवरच्या खलाशांना सांगितलं, परदेशातल्या दुकानांना विचारलं. नाही मिळाला. एवढं एक शल्य राहिलं. मी विषय काढला की मिस्ये म्हणायचे, "सोड रे, या वयात एका बाजूचंच पुरे होतं." तोवर नवे जपानी स्टिरिओ आले, चकचकीत दिवे उघडझाप करणारे, आणि माझ्या दुकानात कोळी जाळी विणायला लागले.

आजा गेले ते ऊसतोडीच्या दिवसांत, शांतपणे. बाराव्या-तेराव्याचं सगळं आटोपल्यावर एका सकाळी द्वारका आजी दुकानाच्या दारात उभी. कपाळ मोकळं. एवढ्या लांब एकटी बसने आली होती, हातात पत्र्याचा डबा.

"मिस्त्री," ती म्हणाली, "त्या साहेबाचा एक कान आमच्याकडे राहिलाय. चला, देऊन येऊ."

मी म्हटलं, "आजी, राहू दे की तुमच्याकडे. रेडिओ ऐकाल."

"उसनं आणलेलं, मिस्त्री. ज्याच्यासाठी आणलं तो गेला."

आम्ही क्युरपीपला गेलो. मिस्ये आता काठी घेऊन चालायचे. आजीने दोन्ही हातांनी डबा पुढे केला आणि क्रेओलमध्ये म्हणाली, "मिस्ये, आला ऊ झोरे." म्हणजे, हा घ्या तुमचा कान. मिस्येनी झाकण उघडलं. आत करंज्या, कारण उसनं रिकाम्या भांड्याने परत करायचं नसतं, आणि मधोमध मऊ फडक्यात गुंडाळलेला व्हॉल्व्ह, काच लख्ख. मिस्येनी झाकण उलटसुलट करून पाहिलं. त्याच्यावर हळद-कुंकवाची दोन बोटं उठली होती. हे काय आहे, असं त्यांनी नजरेने मला विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत आजी माझ्याकडे वळली आणि मराठीत हळूच म्हणाली, "काचेला नाही लावलं वो, मिस्त्री. डब्याला लावलंय. सुनेच्या हातून."

म्हणजे इतकी वर्षं तिने ते मनात ठेवलं होतं, आणि मीही. आमच्यात तेवढं एकच बोलणं झालं त्यावर.

मिस्येनी व्हॉल्व्ह बसवायला मला सांगितलं. मला! स्वतः ते आरामखुर्चीत बसले, आजीला शेजारची खुर्ची दिली, करंजीचा तुकडा तोंडात टाकला. मी रेकॉर्ड लावली. कितीतरी वर्षांनी दोन्ही कर्णे एकदम बोलले, आणि कुणी ऑपेराचा दणदणीत गडी छातीतून स्वर काढत त्या हॉलभर उभा राहिला. मिस्येनी डोळे मिटले. आजी मात्र डोळे मोठे करून कर्ण्याच्या तोंडाकडे बघत होती. आधी तिला हसू आलं. मग ते हसू कुठे तरी अडकलं.

"मिस्त्री," ती म्हणाली, "आमचे हे असते ना, तर म्हणाले असते, अगं, हा वरडतो कशाला..." आणि पदरात तोंड घालून ती रडायला लागली. आजा गेल्यावर ती रडलीच नव्हती, हे मला गोपाळने नंतर सांगितलं.

मिस्येनी डोळे उघडले. "काय म्हणतात त्या?"

मी क्रेओलमध्ये सांगितलं. मिस्ये काठी टेकत उठले, यंत्रापाशी गेले, आणि त्यांनी आवाज हळूहळू कमी केला.